बंद फोन बूथांवर करडा रंग फासण्याआधी

प्रति,
शहर प्रशासन (रस्ते, सुशोभीकरण आणि जाहिरात परवाना विभाग)
तसेच सार्वजनिक फोन बूथांची मालक असलेली दूरसंचार कंपनी

विषय: वापरात नसलेल्या फोन बूथांवरची चित्रं पुसण्याचा आणि ते बूथ जाहिरातीसाठी देण्याचा निर्णय थांबवण्याबाबत

महोदय, महोदया,

हे पत्र दोघांना मिळून लिहिते आहे, कारण एकेकाला लिहून झालं. प्रशासनाला विचारलं तर बूथ कंपनीचा. कंपनीला विचारलं तर फुटपाथ प्रशासनाचा. बूथाच्या पाठीवरची जाहिरातीची चौकट तर तिसऱ्याच ठेकेदाराची. आमचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरला आणि शेवटी पोचपावती तेवढी हातात राहिली. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते.

मी पोटासाठी पाट्या रंगवते. उरलेल्या वेळात आमचा एक छोटा गट बंद पडलेले फोन बूथ रंगवतो. तुमच्या ताज्या परिपत्रकानुसार वापरात नसलेले सगळे बूथ साफ करून एकाच करड्या रंगात रंगवायचे आहेत आणि पुढच्या टप्प्यात त्यांच्या काचांवर आतून दिवे असलेले जाहिरात फलक बसवायचे आहेत. काही बूथांवर करडा रंग चढलाही. त्यात आमचा एक होता.

त्या एका बूथाबद्दल आधी सांगते, म्हणजे आमच्यावर काढलेल्या नोटिशीत ‘विद्रूपीकरण’ कशाला म्हटलंय ते वाचणाऱ्यांना कळेल.

आम्ही पहिल्यांदा आत शिरलो तेव्हा दार अर्धवट उघडं राहून अडकलेलं होतं, बिजागऱ्या गंजून गच्च झाल्या होत्या. रिसीव्हर कुणीतरी कधीच तोडून नेला होता, त्याची पोलादी वेटोळ्यांची वायर तेवढी लोंबत होती. काचांवर पोस्टरांचे इतके थर की भर दुपारी आत अंधार. हे थर काढायची एक रीत असते. गरम पाणी मारायचं, कागद फुगू द्यायचा, मग पातं आडवं धरून खरवडत जायचं. घाई केली की काचेवर ओरखडे उठतात. सगळ्यात वर ॲपच्या जाहिराती होत्या, त्यांच्याखाली मोबाईलच्या, आणि अगदी तळाला, काचेला घट्ट धरून, परदेशी स्वस्तात बोलायच्या कॉलिंग कार्डांच्या. ज्या वस्तूंनी हा बूथ बंद पाडला त्यांच्याच जाहिराती त्याच्या अंगावर क्रमाने चिकटल्या होत्या! मग पत्र्यावरचा गंज पॉलिश पेपरने घासला, रेड ऑक्साइडचा हात मारला, काचेला वेगळा प्रायमर लावला, कारण काचेवर साधा रंग टिकत नाही, पहिल्याच पावसात पापुद्रे निघतात.

फोनच्या वरचा स्टीलचा पत्रा पुसला तेव्हा त्यावर कोरलेले आकडे दिसले. कागद जवळ नसलेल्या माणसांनी पलीकडून सांगितलेला नंबर किल्लीने, खिळ्याने, हाताला लागेल त्याने घाईघाईत कोरून ठेवलेला. एका नंबरचे शेवटचे दोन आकडे घसरत खाली गेलेले. एकाखाली दोन रेघा मारलेल्या, एकावर काट. एका कोपऱ्यात नंबर नाहीच, नुसती वेळ. चित्राचा विषय तिथेच ठरला. तिन्ही काचांवर आम्ही पाठमोरी रांग रंगवली: मुठीत नाणं धरलेली, घडी घातलेली चिठ्ठी पुन्हा उघडून बघणारी, पुढच्याचं बोलणं संपत नाही म्हणून या पायावरून त्या पायावर होणारी माणसं. रांगेतल्या पहिल्याचा हात त्या पत्र्यापर्यंत पोचत होता. पत्र्याला मात्र आम्ही रंगाचा थेंब लागू दिला नाही. त्यावर पारदर्शक क्लिअर कोट मारला, बास.

तुमच्या माणसांनी तो पत्राही करडा केला.

आता तक्रारी. रागाच्या आहेत, पण शिवी एकही नाही.

पहिली तक्रार मालकीची. बूथ सडत होता तेव्हा तो कुणाचाच नव्हता. काच फुटली, कुणी आलं नाही. आत कचरा साठला, कुणी आलं नाही. छतातल्या दिव्याची वायर उघडी पडली. ही टेलिफोनची बारीक, कमी दाबाची वायर नव्हे, दिव्याची, म्हणजे घरातल्या प्लगाइतक्या दाबाची. तेव्हाही कुणी आलं नाही. त्यावर रंग चढला आणि मालमत्तेच्या नुकसानीची नोटीस निघाली. मालकी फक्त दंड करताना आठवत असेल तर ती मालकी काय कामाची?

दुसरी तक्रार फोटोंची. ज्या बूथासाठी आम्हाला नोटीस आली त्याच बूथाचा फोटो शहराच्या पर्यटन पुस्तिकेत आतल्या पानावर आहे. खाली ओळ आहे, ‘आपलं रंगीबेरंगी शहर’. चित्र कुणी काढलं, याचा उल्लेख नाही. पुस्तिका काढणारा विभाग आणि नोटीस काढणारा विभाग एकाच इमारतीत बसतात असं ऐकते. जिना चढून एकमेकांना भेटावं, एवढंच सुचवते.

तिसरी तक्रार जाहिरातीची, आणि माझ्या मते खरी गोम इथेच आहे. परिपत्रकात कारण दिलं आहे ‘एकसारखा, स्वच्छ देखावा’. पण त्याच परिपत्रकाच्या शेवटच्या पानावर फलकांची मापं दिली आहेत. म्हणजे देखावा स्वच्छ हवा तो जाहिरात उठून दिसावी म्हणून. हे काही आपल्याच नशिबी आलेलं नाही. न्यूयॉर्कमध्ये फोन मुके झाले तरी त्यांच्या बाजूचे जाहिरात फलक कमावत राहिले. जॉर्डन सायलर नावाच्या कलावंताने त्या चौकटींतल्या जाहिराती काढून जागी चित्रं बसवण्याचं काम वर्षानुवर्षं केलं, ते नेमकं हाच प्रश्न विचारायला: फुटपाथ सगळ्यांचा, मग त्यावरच्या उजेडाच्या चौकटीत काय दिसावं हे फक्त पैसे भरणाऱ्याने का ठरवायचं? इंग्लंडमध्ये तर फोन बूथ उभारायला नियमात असलेली सवलत वापरून मुख्यतः जाहिरातीसाठीच नवे बूथ उभे राहू लागले होते. २०१९ मध्ये सरकारला ती सवलत काढून घ्यावी लागली.

चौथी तक्रार पूर्वसूचनेची. चित्र कायम राहावं असा आमचा हट्ट नाही. रस्त्यावर काम करणाऱ्याला ऊन, पाऊस, धक्के, वरून पडणारा दुसऱ्याचा रंग, सगळं ठाऊक असतं. पण कुणी सांगितलं असतं तर काचा उतरवून नेल्या असत्या, निदान नीट फोटो काढले असते. न्यूयॉर्कच्याच ‘फाइव्ह पॉइंट्झ’ या इमारतीचं प्रकरण तुमच्या विधी विभागाला माहीत असेल. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये मालकाने एका रात्रीत तिथल्या भिंतींवरची चित्रं पांढरी करून टाकली. इमारत त्याची होती, ती पाडायचा हक्कही त्याचा होता. तरी २०१८ मध्ये न्यायालयाने २१ कलावंतांना साडेसदुसष्ट लाख डॉलर द्यायला लावले आणि २०२० मध्ये अपिलातही ते कायम राहिलं. तिथल्या १९९० च्या कायद्यात कलावंताला नव्वद दिवसांची नोटीस द्यायची तरतूद आहे. ती देऊन तो थांबला असता तर एवढी पाळी आली नसती. कलाकृतीची मोडतोड झाली आणि त्यात कलावंताच्या लौकिकाला बाधा येत असेल, तर हरकत घेण्याचा त्याचा हक्क लेखक-कलावंतांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात १९२८ पासून आहे. आम्ही न्यायालयात जायच्या गोष्टी करत नाही. तेवढे पैसेही नाहीत. नव्वद दिवस ही कल्पना मात्र उचलण्यासारखी आहे.

‘बूथ म्हणजे कलाकृती कशी?’ असं बैठकीत एका अधिकाऱ्यांनी हसून विचारलं होतं. उत्तर जपानमधून देते. नोबुकी यामामोटो या कलावंताने फोन बूथासारख्या काचेच्या पेटीत पाणी भरून त्यात सोनेरी मासे सोडले होते. अधांतरी लटकवलेल्या रिसीव्हरमधून हवेचे बुडबुडे वर येत राहायचे. पुढे यामातोकोरियामा या गावात, जिथे सोनमाशांची पैदास हाच मोठा धंदा आहे, तसाच एक बूथ एका बाजारपेठेत दिसू लागला. यामामोटो न्यायालयात गेले. पहिल्या न्यायालयाने त्यांचं ऐकलं नाही, पण २०२१ मध्ये ओसाकाच्या उच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला, आणि त्यात त्या बुडबुड्यांचाच मुद्दा निर्णायक ठरला. रिसीव्हरमधून हवा येणं ही कुणाच्या तरी डोक्यातून निघालेली कल्पना आहे, असं न्यायाधीशांना वाटलं. आमच्या पत्र्याबद्दल त्यांना काय वाटलं असतं, हे विचारायला आवडलं असतं.

आता तुमच्या बाजूने जे बोललं जातं त्याबद्दल.

‘एकाला परवानगी दिली की सगळेच सुटतील.’ ब्राझीलमध्ये फोनचे बूथ अंड्याच्या कवचासारखे गोल बनवले गेले. चू मिंग सिल्वेरा या वास्तुकार बाईंनी ते आखले आणि १९७२ मध्ये ते रस्त्यावर आले. आवाज आत राहावा, ऊन-पाऊस बाहेर राहावा, म्हणून तो आकार. २०१२ मध्ये साओ पाउलोत टेलिफोन कंपनीने स्वतः होऊन असे शंभर बूथ शंभर कलावंतांना दिले. कुणाचा मेंदू झाला, कुणाचं डोकं झालं, रस्त्यावर हसू पसरलं. शहर काही हाताबाहेर गेलं नाही. मला त्या उपक्रमातलं कंपनीचं नाव मिरवणं फारसं आवडलं नाही, पण मालकाने स्वतः दार उघडलं हे मान्य करायला हवं.

‘जबाबदारी कुणाची?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर ब्रिटनने २००८ मध्येच कागदावर उतरवलं आहे. तिथली टेलिफोन कंपनी आतलं यंत्र काढून घेते आणि रिकामा लाल बूथ स्थानिक परिषदेला किंवा नोंदणीकृत संस्थेला एका पौंडात विकते. मालकी, रंगरंगोटी, दुरुस्ती सगळं पुढच्याकडे जातं. हजारो बूथ असे दिले गेले. कुठे वाचनालय झालं, कुठे हृदय बंद पडल्यास झटका देणारं यंत्र बसलं, कुठे एका वेळी एकच माणूस आत मावेल असं चित्रदालन. तो लाल बूथ म्हणजे ओतीव लोखंडाचा, जाईल्स गिल्बर्ट स्कॉट या वास्तुकाराने आखलेला, जवळपास पाऊण टनाचा जड जिन्नस. तो देता येतो तर तुमचा पत्र्याचा का नाही?

‘अशी कामं टिकत नाहीत.’ लंडनजवळ किंग्स्टनला डेव्हिड माक या शिल्पकाराने बारा जुने लाल बूथ एकमेकांवर कलंडत गेलेले उभे केले आहेत, पहिला सरळ आणि पुढचे धक्का लागल्यासारखे. १९८९ पासून ते तिथे आहेत. मधूनमधून रंग द्यावा लागतो. तो कशालाही द्यावाच लागतो, तुमच्या करड्यालाही लागेल.

आणि किंमत कळायला उशीर लावू नका. २००६ मध्ये बँक्सी या, ओळख लपवून रस्त्यावर काम करणाऱ्या कलावंताने लंडनच्या सोहो स्क्वेअरमध्ये टिकाव घुसलेला, मधोमध वाकलेला, जखमेतून लाल रंग वाहणारा फोन बूथ ठेवला. नगर परिषदेने तो अडगळ म्हणून उचलून नेला. दोन वर्षांनी न्यूयॉर्कच्या लिलावात तो सहा लाख डॉलरच्या वर गेला. उलट टोकाचं उदाहरणही त्याचंच. २०१४ मध्ये चेल्टनममध्ये एका चालू फोन बूथाच्या मागच्या भिंतीवर त्याने चोरून ऐकणारे तीन हेर रंगवले. हेरगिरी खात्याचं मुख्यालय त्याच गावात आहे. परिषदेने परवानगी दिली, संरक्षण दिलं, पण भिंत एका खासगी घराची होती आणि देखभाल कुणी करायची हे नीट ठरलंच नाही. २०१६ मध्ये भिंतीच्या दुरुस्तीत ते चित्र गेलं. नुसता मान देऊन भागत नाही, कामाची वाटणी लागते.

काही गोष्टींत आम्ही तुमच्या बाजूने आहोत, तेही लिहून ठेवते. जे बूथ चाकाच्या खुर्चीची किंवा पांढऱ्या काठीची वाट अडवतात ते काढा. त्यावर आमचं चित्र असलं तरी काढा. आणि जिथे फोनची खरंच गरज आहे तिथे चित्र नको, फोन चालू करा. ब्रिटनच्या नियामकाने २०२२ मध्ये ठरवलं की जिथे मोबाईलला रेंज नाही, जिथे अपघात किंवा आत्महत्या जास्त होतात, किंवा जिथून वर्षात किमान ५२ फोन झाले आहेत, तो बूथ बंद करता येणार नाही. ऑस्ट्रेलियात तर २०२१ पासून सार्वजनिक फोनवरून देशांतर्गत बोलणं फुकट केलं आहे. घरातून मार खाऊन बाहेर पडलेल्या, मोबाईल हिसकावून घेतलेल्या बाईला चित्राचा काय उपयोग? ‘कलेसाठी दिला’ म्हणून चालू राहायला हवा असा फोन काढून टाकायचा असेल, तर त्यात आमचं नाव वापरू नका.

गेल्या महिन्यात तोंडी एक प्रस्ताव आला तो इथेच नाकारते. करड्या रंगावर पुन्हा चित्र काढा, नमुना आम्ही मंजूर करू, कंपनीचे रंग आणि चिन्ह दिसलं पाहिजे, रंगाचे डबे आम्ही देऊ, मानधन नाही. सोबत नमुना म्हणून पंखांची जोडी दाखवली, लोकांनी मधे उभं राहून फोटो काढावा म्हणून. पंख पुरे झाले आता, खरंच. ज्यांना काढायचे त्यांनी काढावेत, आम्ही येणार नाही.

आमच्या मागण्या अशा. करडा रंग मारायचं काम आज आहे तिथे थांबवा. शहरातल्या सगळ्या बूथांची यादी प्रसिद्ध करा, त्यात मालक कोण, फोन चालू की बंद, दिव्याची वीज तोडली आहे का आणि जाहिरातीचा ठेका आहे का, हे चार रकाने असू द्या. गरज आहे तिथला फोन दुरुस्त करा, वाट अडवणारे बूथ हलवा. उरतील ते मागणाऱ्या रहिवाशांना, शाळांना, वाचनालयांना, कलावंतांना एका पानाच्या करारावर द्या. देखभाल कुणाची आणि मुदत किती हे त्यात लिहा, आणि त्यावर तुम्हा दोघांचीही सही असू द्या. रंगवलेल्या बूथावर जाहिरात नको. चित्र काढून टाकायचं असेल तर नव्वद दिवस आधी लेखी कळवा. चित्राचा फोटो वापराल तिथे चित्रकाराचं नाव घाला, आणि फोटो छापून पैसे मिळणार असतील तर त्यातला वाटा द्या. आमच्यावरची नोटीस मागे घ्या.

यात तुमचा फारसा पैसा जात नाही. यादी करायला माणसं लागतील, ती करडा रंग मारायला पाठवली आहेतच.

न्यूयॉर्कने २३ मे २०२२ रोजी शहराच्या मालकीचा शेवटचा सार्वजनिक फोन रस्त्यावरून काढला आणि तो शहराच्या संग्रहालयाकडे दिला. आपल्याकडे तो दिवस यायचा तेव्हा येईल. पण रांगेचं चित्र होतं त्या बूथाचं एक काम तेवढं थांबण्यासारखं नाही. कोरलेल्या नंबरांच्या पत्र्यावर सध्या करड्याचा एकच हात आहे, आणि खाली आमचा क्लिअर कोट. दुसरा हात चढून रंग पक्का झाला की आकड्यांच्या खाचा भरून जातील, मग घासल्याशिवाय निघणार नाही आणि घासलं की आकडेही जातील. तो दुसरा हात मारण्याआधी आम्हाला एक दिवस द्या. थिनर, कापड आणि मऊ ब्रश आम्ही आणतो, तुम्ही फक्त दिव्याची वीज तोडल्याचं लेखी द्या.

आपली,
त्या बूथाच्या चित्रकारांपैकी एक